दोन केळी, एक बिस्किट आणि तुमची तक्रार

जुलै २०१९ मध्ये अभिनेते राहुल बोस चंदीगडच्या जे. डब्ल्यू. मॅरियट हॉटेलात उतरले होते. त्यांनी दोन केळी मागवली आणि बिल आलं ४४२ रुपये ५० पैशांचं. केळ्यांचे ३७५, वर १८ टक्के जीएसटी. बोस यांनी एक छोटा, मिश्किल व्हिडिओ करून ट्विटरवर टाकला आणि बघता बघता ती दोन केळी देशभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचली. चंदीगडच्या अबकारी व कर खात्याने चौकशी लावली, हॉटेलला २५ हजार रुपये दंड झाला.

दंड कशाबद्दल झाला, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. लोक चिडले होते दरावर. दंड झाला तो ताजी फळं करमुक्त असताना त्यांच्यावर कर लावला म्हणून. पंचतारांकित हॉटेलाने केळ्याचे किती घ्यावेत, याला कायद्याने वेसण घातलेली नाही. हॉटेलचालकांच्या संघटनेने हॉटेलची बाजू घेतली तेव्हा लोकांनी तिची टर उडवली. पण दरापुरतं बोलायचं तर तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तुम्ही स्वतःची तक्रार मांडायला बसाल तेव्हा आधी हे दोन धागे सोडवून घ्या. राग कशाचा आला आणि चूक कोणती झाली? चहाचे दोनशे रुपये लावले हा राग. न विचारता बिलात सेवाशुल्क घुसवलं ही चूक. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काउंटरवरचा मुलगा तुसडेपणाने बोलला हा राग. कबूल केलेली वस्तू दिली नाही आणि पैसेही अडकवून ठेवले, ही चूक. बातमी रागावर चालते. पैसे परत मिळतात ते चुकीवर.

लहान तक्रारच का गाजते

मोठ्या फसवणुकीपेक्षा किरकोळ तक्रार लवकर पसरते, हे विचित्र वाटेल. पण वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर काम करणाऱ्या उपसंपादकाच्या खुर्चीत बसून पाहा. त्याला दिवसभर मजकूर हवा असतो. एखाद्या गृहप्रकल्पात चारशे कुटुंबं अडकली असतील, तर ती बातमी करायला करारनामे वाचावे लागतात, बिल्डरला गाठावं लागतं, वकिलाला दाखवावं लागतं. दोन केळ्यांना बिलाचा फोटो पुरतो. पोस्ट, खालच्या दहा-बारा प्रतिक्रिया, ‘नेटकरी संतापले’ असा मथळा आणि कंपनीचं दोन ओळींचं निवेदन, की अर्ध्या तासात बातमी तयार. एकाने लावली की उरलेल्यांनाही लावावीच लागते. शिवाय वाचकाला समजावून काही सांगावं लागत नाही. केळं सगळ्यांनी खाल्लेलं आहे आणि केळ्याचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे.

यातला खरा मालमसाला म्हणजे प्रमाणाचा विरोधाभास. मथुरेच्या एका वकिलांना डिसेंबर १९९९ मध्ये रेल्वेच्या तिकीट खिडकीवर दोन तिकिटांचे ७० ऐवजी ९० रुपये द्यावे लागले. त्या २० रुपयांसाठी त्यांनी खटला चालवला. शंभरावर तारखा पडल्या आणि २०२२ मध्ये निकाल लागला : २० रुपये १२ टक्के व्याजासह परत, वर १५ हजार रुपये. जगभर बातमी झाली. वीस रुपयांची झाली, तशीच बावीस वर्षांचीही झाली. चंदीगडच्याच एका ग्राहकाने कागदी पिशवीचे ३ रुपये घेतले म्हणून बाटाविरुद्ध तक्रार केली, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीला सगळं मिळून ९ हजार रुपयांचा फटका बसला. आज काउंटरवर ‘पिशवी हवी का?’ असं आधी विचारलं जातं, त्यामागे असे काही निकाल आहेत.

माझ्या मते या सगळ्यांत हुशार तक्रार बिस्किटवाल्याची. तमिळनाडूतल्या एका ग्राहकाने सनफीस्ट मारी लाइटचे पुडे घेतले. वेष्टनावर १६ बिस्किटं छापलेली, आत १५. पाऊण रुपयाचं बिस्किट, कोण भांडणार? या गृहस्थांनी गणित मांडलं : कंपनी रोज सुमारे ५० लाख पुडे बनवते, म्हणजे ग्राहकांचे रोज २९ लाखांहून अधिक रुपये जातात. कंपनी म्हणाली, आम्ही नगावर नाही, वजनावर विकतो. पण पुड्यावर ७६ ग्रॅम लिहिलेलं आणि भरलं ७४ ग्रॅम. तिरुवल्लूरच्या जिल्हा आयोगाने २०२३ मध्ये एक लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. ‘माझं एक बिस्किट कमी’ ही कुरबूर होती. ‘प्रत्येक पुड्यात एक कमी असेल तर किती?’ या प्रश्नाने ती सगळ्यांची झाली. तुमच्या तक्रारीत असा दुसऱ्यांनाही लागू होणारा भाग असेल, तर तो शोधा आणि वर आणा. नसेल तर ओढूनताणून आणू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

पहिली चूक आणि दुसरी चूक

मार्च २००८ मध्ये कॅनडातले गायक डेव्ह कॅरल युनायटेड एअरलाइन्सने हॅलिफॅक्सहून ओमाहाला निघाले होते. शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळणाऱ्यांनी गिटारी फेकल्याचं प्रवाशांनी पाहिलं. कॅरल यांची टेलर गिटार मोडली. दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले. कंपनीने त्यांना महिनोन्‌महिने इकडून तिकडे फिरवलं आणि शेवटी सांगितलं, चोवीस तासांत दावा केला नाही, आता काही मिळणार नाही. जुलै २००९ मध्ये कॅरल यांनी ‘युनायटेड ब्रेक्स गिटार्स’ हे गाणं यूट्यूबवर टाकलं. पहिल्याच दिवशी दीड लाख लोकांनी ते पाहिलं.

गिटार मोडणं ही बातमी नव्हती, सामान रोजच मोडतं. बातमी झाली ती त्या चोवीस तासांच्या नियमाची आणि तो ऐकवणाऱ्या कोऱ्या चेहऱ्याची. अशी प्रकरणं पाहिली तर बहुतेकदा हेच दिसतं. पहिली चूक माणूस माफ करतो. नंतरचं उत्तर त्याला झोंबतं.

आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण ओला इलेक्ट्रिकचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचा विनोदवीर कुणाल कामरा याने धूळ खात उभ्या असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकून दुरुस्ती-सेवेबद्दल प्रश्न विचारला. फोटो तेवढाच राहिला असता. पण कंपनीचे प्रमुख भाविश अग्रवाल यांनी कामराच्या विनोदी कारकिर्दीवर घसरत, पैसे घेऊन पोस्ट केल्याचा टोमणा मारत उत्तर दिलं. मग ते भांडण दिवसभर चाललं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात कंपनीचा शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. त्याच सुमाराला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस बजावली, आणि इथे नीट लक्ष द्या. नोटिशीमागे कामराचा फोटो नव्हता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात नोंदल्या गेलेल्या १०,६४४ तक्रारी होत्या. कुणाही प्रसिद्ध माणसाच्या नसलेल्या, कंटाळवाण्या, तक्रार क्रमांक घेऊन बसलेल्या. त्या नसत्या तर नोटिशीत लिहायचं काय, हा प्रश्न पडला असता.

म्हणून पोस्ट टाकायची की नाही, हा प्रश्न दुसरा. नोंद केली का, हा पहिला.

नोंद कशी करायची

त्याच दिवशी करायची कामं त्याच दिवशी करा. बिल, वेष्टन, त्यावरचा बॅच क्रमांक आणि तारीख, सगळ्याचे फोटो काढा. महागडी वस्तू ऑनलाइन मागवली असेल तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ सलग काढा, पत्त्याचं लेबल दिसेल असा, मध्ये न थांबवता. मोबाइलच्या खोक्यात साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. अशा भांडणात सगळा वाद ‘खोकं उघडलं तेव्हा आत काय होतं’ एवढ्यावरच येतो. अ‍ॅपमधली चॅट बंद होण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घ्या. फोनवर बोलणं झालं असेल तर तक्रार क्रमांक आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि ‘आज अमुक वाजता आपलं असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा ईमेल लगोलग पाठवा. तोंडी आश्वासनाला तो ईमेल हीच पावती.

मग मागणी लिहा. एका वाक्यात. ‘२,३४० रुपये १५ तारखेपर्यंत मूळ खात्यात परत हवेत.’ ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिणाऱ्याला योग्य ती कार्यवाही झाल्याचं पत्र येतं आणि काहीच होत नाही. संपादकांना पत्रं लिहिण्याची आपली जुनी सवय इथे जरा आड येते. एसटीच्या खिडक्यांपासून पोस्टातल्या डिंकापर्यंत सुंदर पत्रं लिहिणारे लोक आपण. शेवटचा परिच्छेद समाजाच्या अधःपतनावर जातो आणि रिफंड राहून जातो.

कंपनीच्या कस्टमर केअरने दाद दिली नाही, तर तिच्या वेबसाइटवर तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नियमाचा उल्लेख करून लिहिलेलं पत्र वेगळ्या टेबलावर जातं. तिथेही काम झालं नाही तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते. ती न्यायालय नव्हे, आदेश देऊ शकत नाही. पण तक्रार कंपनीकडे पोहोचवून उत्तर मागते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. बँकेचा मामला असेल तर बँकेला लेखी कळवून ३० दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. रेल्वेसाठी १३९. खाण्यात काही सापडलं तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन. आणि ती वस्तू टाकून देऊ नका, बंद करून ठेवा.

शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच होते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली : तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असलं तरी तुम्हाला साताऱ्यातून हलावं लागत नाही. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही करता येतो. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ धरून चाला. अर्ज लिहिताना अडलात तर विचारायला माणसं आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशात ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा व्हायला त्यानंतर दशक उलटलं.

आणि तरीही पोस्ट टाकायची असेल तर

टाका. कधी कधी तोच जवळचा रस्ता असतो. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतून ट्विट केलं की पुढच्या स्टेशनवर तान्ह्या बाळासाठी दूध यायचं. तिथे आयोगाची तारीख काय कामाची? वेळ निघून जाणार असेल, किंवा सगळ्या पायऱ्या चढून झाल्या असतील, तर जाहीर बोलायला हरकत नाही.

फक्त मोबाइल क्रमांक, पीएनआर, ऑर्डर क्रमांक जाहीर पोस्टमध्ये कधीही लिहू नका. बँका, विमान कंपन्या, रेल्वे यांना टॅग केलेल्या पोस्टवर ठग टपून बसलेले असतात. जानेवारी २०२२ मध्ये विलेपार्ल्याच्या एका बाईंनी रेल्वे तिकिटाची माहिती आणि फोन क्रमांक ट्विटरवर टाकला. लगेच ‘मदतीचा’ फोन आला, लिंक आली आणि खात्यातून ६४ हजार रुपये गेले. कंपनीने उत्तरात डीएम करायला सांगितलं तरी ते खातं खरंच तिचं आहे का ते तपासा. फसलात तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

मजकुरात तारीख, रक्कम, तक्रार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि मागणी एवढं असू द्या. ‘चोर’, ‘लुटारू’, ‘फ्रॉड कंपनी’ हे शब्द गाळा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य त्यातून सुटतं, पण विशेषण सिद्ध करता येत नाही, बिल करता येतं.

आणि काउंटरवरच्या मुलाचा चेहरा दाखवू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये झोमॅटोच्या कस्टमर केअरमधल्या एका कर्मचाऱ्याने तमिळ ग्राहकाला हिंदी राष्ट्रभाषा असल्याचं ऐकवलं. ग्राहकाने चॅटचे स्क्रीनशॉट टाकले, तमिळनाडूत बहिष्काराची हाक उठली, कंपनीने तमिळमध्ये माफी मागितली आणि कर्मचाऱ्याला काढून टाकलं. काही तासांत संस्थापक दीपिंदर गोयल यांनी तो निर्णय फिरवला आणि कर्मचाऱ्याला परत घेतलं. भाषेचा प्रश्न आला की तक्रार ग्राहकाच्या हातात राहत नाही, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. पण पहिली कुऱ्हाड कुणावर पडली ते पाहा. रिफंडचं धोरण त्याने ठरवलेलं नसतं, उशीरही त्याने केलेला नसतो. बहुतेक वेळा तो वरून दिलेली वाक्यं वाचत असतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये बेंगळुरूत याहून गंभीर घडलं. जेवण उशिरा आलं म्हणून झालेल्या वादात डिलिव्हरी करणाऱ्याने नाकावर ठोसा मारला, असा व्हिडिओ एका महिलेने टाकला. रक्त दिसत होतं. त्याला अटक झाली. मग त्याने रडत आपली बाजू सांगितली की मारहाण तिनेच केली आणि तिच्याच अंगठीने तिला लागलं. लोकांचा पारा उलट्या दिशेने चढला आणि गुन्हा तिच्यावरही नोंदला गेला. दाराआड काय झालं ते त्या दोघांनाच ठाऊक. पण दोन्ही वेळा शिव्या खाणारं कुणीतरी खरंखुरं माणूस होतं आणि शिव्या देणाऱ्यांपैकी एकही तिथे हजर नव्हता.

पोस्ट चालली की वार्ताहराचा मेसेज येईल : ‘तुमचा व्हिडिओ वापरू का?’ लगेच हो म्हणू नका. कुठे येणार, नाव छापणार का, कंपनीची बाजू घेतली का, हे विचारा. नाव नको असेल तर तसं लेखी सांगा. बिल आणि पत्रव्यवहार दाखवा, आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणा. नोकरी शोधताना पाच वर्षांनी कुणी तुमचं नाव शोधलं तर ही बातमी वर येईल, एवढं गृहीत धरा. आणि पैसे मिळाले की तसं त्याच पोस्टखाली लिहा. पोस्ट उडवण्याची अट घालून रिफंड देऊ करणाऱ्या कंपनीला काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी स्वतः पोस्ट ठेवेन आणि खाली ‘मिटलं’ असं लिहीन.

आता गल्ल्याच्या पलीकडे बसणाऱ्या वाचकांसाठी थोडं. खाणावळ, मालवणातला होम-स्टे, मिठाईचं दुकान, काहीही असो, कधीतरी तुमच्यावरही ही वेळ येईल. चूक झाली असेल तर दोन ओळींत कबूल करा, रक्कम परत केल्याचा दिवस सांगा आणि थांबा. ‘आमच्या चाळीस वर्षांच्या परंपरेत’ अशी सुरुवात नको. चूक झाली नसेल तर बिल आणि वेळ दाखवा. ग्राहकाच्या हेतूवर, त्याच्या शहरावर, त्याच्या कंजूषपणावर एक अक्षरही लिहू नका. कर्मचाऱ्याला काढल्याची घोषणा करून टाळ्या मिळवू नका. चांगले अभिप्राय टाकायला भाच्या-पुतण्यांना बसवू नका, सगळ्यांची भाषा सारखी असते आणि ती ओळखू येते. आणि रात्री अकरानंतर लिहिलेलं उत्तर सकाळी, दुकानातल्या दुसऱ्या कुणालातरी वाचायला देऊन मगच पाठवा.